पाच किलोचं बाळ आणि चारशे मिली रक्त

प्रश्न घणसोलीच्या एका आईचा आहे. लेक ५ महिन्यांची, वजन ५ किलो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र आहे, म्हणजे व्हीएसडी. ऑपरेशन दहा दिवसांवर आलंय. डॉक्टरांनी सांगितलंय की मशीनवर घेताना रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन देऊ आणि नंतर त्याचा असर उतरवू. संमतीच्या कागदावर मात्र ‘रक्तस्राव होऊ शकतो’ आणि ‘रक्ताची गुठळी होऊ शकते’ अशी दोन वाक्यं एकाखाली एक आहेत. त्यांचं विचारणं असं, की यातलं नेमकं काय होणार? आणि एवढ्याशा जिवाला चार रक्तदाते कशाला?

ताई, गेली २२ वर्षं मी लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला भूल देते, त्यातली बरीचशी नवी मुंबईतच. तुम्ही कागद नीट वाचलात, हे फार बरं केलंत. ती दोन्ही वाक्यं खरी आहेत. एकाच बाळात, काही तासांच्या अंतराने, आम्हाला दोन्हींवर नजर ठेवावी लागते.

आधी तुमच्या लेकीच्या अंगात रक्त किती आहे ते बघू. या वयात वजनाच्या दर किलोला साधारण ८० मिली धरतात. ५ किलोला ४०० मिली झालं. घरी अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी येते ना, ती रिकामी करून त्यात हे सगळं रक्त ओतलं तरी वर जागा उरेल. मोठ्या माणसात ५ लिटर असतं.

आता हार्ट-लंग मशीन. छिद्र बुजवताना हृदय थांबवावं लागतं, तेवढा वेळ हे मशीन हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम करतं. नळ्या, रक्तात ऑक्सिजन मिसळणारं भांडं, गाळण्या, हे सगळं द्रवाने आधी भरून घ्यावं लागतं, त्यात हवेचा एक बुडबुडाही चालत नाही. तुमच्या लेकीच्या वजनाला बसणाऱ्या छोट्या संचातही ३०० मिलीच्या आसपास मावतं. म्हणजे ४०० मिली रक्तात एका क्षणी ३०० मिली बाहेरचा द्रव मिसळणार. तांबड्या पेशी कमी पडू नयेत म्हणून त्या ३०० मध्ये आम्ही दात्याच्या पेशी घालतो. पण रक्त गोठवणारे जे घटक असतात, फायब्रिनोजेन, प्लेटलेट, ते पातळ होतातच, निम्म्यापेक्षा थोडे वर उरतात. मोठ्या माणसाच्या ५ लिटरमध्ये सव्वा-दीड लिटर मिसळलं तर एवढा फरक पडत नाही. लहान मुलांचा रक्तस्राव मोठ्यांपेक्षा वेगळा असतो त्याचं सगळ्यात मोठं कारण हे साधं गणित आहे. सर्जनच्या हाताचा त्यात काही दोष नसतो.

मग आधीच पातळ होणाऱ्या रक्ताला वर हेपरिन, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं ते रक्त गोठू न देणारं इंजेक्शन, कशाला? कारण रक्ताचा स्वभावच असा, की शरीराच्या आतल्या अस्तराशिवाय दुसऱ्या कशालाही ते लागलं की गोठायला लागतं. प्लास्टिकची नळी त्याला परकी. हेपरिन न देता रक्त मशीनमध्ये सोडलं, तर काही मिनिटांत ऑक्सिजनच्या भांड्यात जाळं धरेल, आणि त्यातला तुकडा मेंदूकडे जाऊ शकतो. फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी हार्ट-लंग मशीन वापरून हृदयाचं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. त्यातसुद्धा हेपरिन कमी पडून मशीनमध्ये रक्त गोठू लागलं होतं. ऑपरेशन झालेली मुलगी वाचली. त्यानंतर हेपरिनच्या बाबतीत कोणीही अंदाजाने चालत नाही.

हेपरिनमुळे रक्त पाण्यासारखं पातळ होतं, असं पुष्कळ पालकांना वाटतं. तसं होत नाही. आपल्या रक्तात गोठणं आवरणारं एक प्रथिन असतंच, अँटीथ्रॉम्बिन. हेपरिन त्याला चिकटतं आणि त्याचा वेग शेकडो पटींनी वाढवतं. म्हणून ज्या बाळात हे प्रथिनच कमी, त्याला नेहमीचा डोस पुरत नाही. नवजात बाळात ते मोठ्या माणसाच्या निम्म्याच्या आसपास असतं, आणि यकृतात व्हिटॅमिन केच्या मदतीने तयार होणारे गोठण्याचे घटकही तसेच कमी असतात. जन्मल्याबरोबर बाळाच्या मांडीत व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देतात ते त्यासाठीच. तुमची लेक ५ महिन्यांची आहे, तिचं हे बरंचसं भरून आलेलं असणार. जन्मून आठ दिवस झालेल्या बाळापेक्षा तिची बाजू भक्कम आहे.

आत काय घडतं ते सांगते, म्हणजे बाहेर बाकावर बसल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काहीतरी खरं असेल. किलोला ४०० युनिट म्हणजे तुमच्या लेकीला २००० युनिट हेपरिन. बाजारात या औषधाच्या एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, एक मिलीत १००० युनिट आणि एक मिलीत ५००० युनिट. म्हणून आमच्याकडे दोघं जण लेबल मोठ्याने वाचतात, मगच सिरिंज भरली जाते. औषध गेलं की मी ‘हेपरिन दिलं’ म्हणते, मशीन चालवणारे परफ्युजनिस्ट तेच शब्द परत म्हणतात आणि वेळ लिहितात. तीन मिनिटांनी बाळाचं थोडंसं रक्त एका बारक्या नळीत घेऊन छोट्या यंत्रात ठेवतो. रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते हे यंत्र मोजतं, त्याला एसीटी म्हणतात. एरवी हा आकडा १०० ते १३० च्या घरात असतो. मशीन सुरू करायला आम्हाला तो ४८० च्या वर लागतो. हिरवे आकडे चढत जातात, २००, ३००, ४००, आणि खोलीत कोणी बोलत नाही. ४८० ओलांडलं की परफ्युजनिस्ट मान हलवतात आणि सर्जन नळ्या जोडायला घेतात. आकडा चढला नाही तर जास्त हेपरिन, आणि तरीही नाही चढला तर अँटीथ्रॉम्बिन मिळावं म्हणून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरणारा पातळ भाग. घाई कितीही असो, आकड्याशिवाय मशीन सुरू होत नाही.

छिद्रावर पॅच बसला, हृदय स्वतःच्या बळावर धडधडू लागलं, मशीन थांबलं, की उलटा प्रवास सुरू होतो. हेपरिनचा असर उतरवायला प्रोटामिन देतात. हे औषध मुळात सामन माशापासून मिळालेलं. ते हळूहळूच द्यावं लागतं, दहा मिनिटं तरी, कारण पटकन गेलं तर रक्तदाब कोसळू शकतो, फुप्फुसातला दाब वाढू शकतो. तुमच्या बाळाने अजून मासे खाल्ले नसणार. पण आमच्याकडे आगरी-कोळी घरांतली थोडी मोठी मुलं येतात, त्यांच्या आईला मी आवर्जून विचारते की मासे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात का, श्वास लागतो का. तसं असेल तर प्रोटामिन देताना आम्ही जास्त सावध असतो.

प्रोटामिन दिल्यावर एसीटी खाली येतो. आणि तरीही कधी कधी रक्त थांबत नाही. एखादी नस तुटून वाहावं तसं हे नसतं. टाक्यांच्या भोकांतून, हाडाच्या कडेतून, घाम फुटावा तसं पाझरत राहतं. गॉज ठेवलं की दोन मिनिटांत लाल. इथे भूलतज्ज्ञाचा खरा कस लागतो. बाळ गार पडलंय का? गार अंगात गोठण्याची क्रिया मंदावते. कॅल्शियम उतरलंय का? रक्ताच्या पिशवीत ते गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेलं असतं आणि ते बाळाचं कॅल्शियम बांधून ठेवतं. हेपरिन थोडं उरलंय का? हे सगळं बघून मग प्लेटलेट, आणि फायब्रिनोजेन कमी असेल तर क्रायो, म्हणजे प्लाझ्मा थंडीत वितळवून त्यातून काढलेला दाट भाग. सोय असेल तिथे टीईजी किंवा रोटेम नावाच्या तपासणीत गुठळी किती वेळात धरतेय आणि किती घट्ट होतेय याचा आलेख डोळ्यांसमोर येतो, त्यावरून काय कमी पडतंय ते कळतं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड बहुतेक ठिकाणी ऑपरेशनच्या सुरुवातीपासून देतात, ते धरलेली गुठळी विरघळू देत नाही. त्याचाही डोस मोजून, कारण फार झालं तर झटके येऊ शकतात.

इथे माझं मत स्पष्ट सांगते. रक्त पाझरतंय म्हणून घाबरून प्लाझ्मा, प्लेटलेट, क्रायो असं सगळं एकदम देणं मला मान्य नाही. किलोला १० मिली प्लेटलेट म्हणजे तुमच्या लेकीला ५० मिली. तिच्या सगळ्या रक्ताचा आठवा हिस्सा झाला तो. नुकतंच शिवलेलं हृदय एवढा भार सहज पेलतंच असं नाही. आणि गोठवणारं औषध गरजेपेक्षा जास्त झालं की तुमच्या कागदावरचं दुसरं वाक्य खरं व्हायला लागतं. मानेतल्या किंवा मांडीतल्या बारीक सुईनळीभोवती गुठळी धरते. थोडं पाझरणं सहन करावं, कारण शोधावं, नेमकं तेवढंच द्यावं. यासाठी ऑपरेशन टेबलाजवळ अर्धा तास जास्त थांबावं लागलं तरी चालेल. बाहेर तुम्हाला ‘हृदय सुरू झालं, आता बंद करतायत’ असा निरोप आला आणि त्यानंतर तास-दीड तास काहीच कळलं नाही, तर बहुतेक वेळा आत हेच चाललेलं असतं.

आता दाते. तुमच्या लेकीला चार पिशव्या चढणार नाहीत. एक तांबड्या पेशींची मशीन भरायला, एक राखीव, आणि प्लेटलेट, प्लाझ्मा हाताशी. ब्लड बँकेतून जे काढून ठेवलं जातं त्याच्या बदल्यात दाते मागतात. मशीनमध्ये घालायच्या पेशी शक्यतो ताज्या, आठवड्याच्या आतल्या लागतात, कारण पिशवी जुनी होईल तसं तिच्यातलं पोटॅशियम वाढत जातं आणि एवढ्या लहान हृदयाला ते झेपत नाही. म्हणून आम्ही तारीख ठरल्यावर लगेच सांगतो, आदल्या रात्री नाही.

बाबा विचारतीलच की माझंच रक्त द्या. बदली म्हणून ते जरूर देऊ देत. पण जवळच्या नात्यातलं रक्त थेट बाळाला चढवणं आम्ही टाळतो. आई-बाबांच्या पांढऱ्या पेशी बाळाच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात, की बाळाचं शरीर त्यांना परकं ओळखत नाही, त्या तिथेच राहतात आणि उलट बाळावरच हल्ला करतात. क्वचित होतं, पण झालं तर जीव वाचवणं फार अवघड. किरण देऊन प्रक्रिया केलेली पिशवी असेल तर हा धोका राहत नाही. आणि ताई, तुम्ही अंगावर पाजताय तोवर ब्लड बँक तुमचं रक्त घेणारच नाही, तेव्हा त्याची खंत करू नका.

प्लेटलेटबद्दल एक आठवण सांगते, तिने मला बरंच शिकवलं. जुलै महिना, धो धो पाऊस. तीन वर्षांच्या एका निळ्या मुलाचं, म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी असल्याने अंग निळं पडणाऱ्या मुलाचं, ऑपरेशन चालू होतं आणि प्लेटलेटची दुसरी पिशवी हवी होती. आमच्याकडे संपली होती, ठाण्याच्या एका ब्लड बँकेत मिळाली. मुलाचा काका मोटरसायकलवर आणायला गेला. विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी साचलेलं, रस्ता तुंबलेला. पिशवी खराब होईल या भीतीने त्याने कळव्यात एका मासळीवाल्याकडून बर्फ घेतला, खोक्यात पिशवीच्या वर-खाली रचला आणि भिजत, थरथरत दीड तासाने पोहोचला. मी खोकं उघडलं आणि हात लावल्याबरोबर समजलं. प्लेटलेट २० ते २४ अंशांना, हलत्या ठेवायच्या असतात. थंड झालेल्या प्लेटलेट अंगात गेल्यावर लवकर नाहीशा होतात, ती पिशवी नियमानेही चढवता येत नाही. दुसरी येईपर्यंत सर्जन मुलाच्या छातीत गॉज दाबून उभे होते. मुलगा बरा झाला. पण काकाला मी काय सांगणार होते? त्याने जिवाचं रान केलं होतं. चूक आमची होती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की तांबड्या पेशी थंड आणायच्या आणि प्लेटलेट नाही. तेव्हापासून कोणी पिशवी आणायला निघालं की मी स्वतः दोन वाक्यं बोलते. तुमच्याकडे अशी वेळ आली तर ब्लड बँकेने जशी बांधून दिली तशीच आणायची, मध्ये काही घालायचं नाही, काढायचं नाही, वाटेत थांबायचं नाही.

निळ्या मुलांचा उल्लेख आलाच आहे तर त्यांच्या पालकांसाठी थोडं. फॅलोज टेट्रालॉजीसारख्या हृदयाच्या जन्मजात आजारात ऑक्सिजन कमी म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं, रक्त दाट होतं. या मुलांचे गोठण्याचे रिपोर्ट पुष्कळदा खराब येतात आणि घरात घबराट होते. बऱ्याच वेळा दोष नमुन्याच्या नळीत असतो. नळीत सायट्रेट ठरावीक प्रमाणात असतं, आणि या मुलांच्या रक्तात प्लाझ्माच कमी, म्हणून सायट्रेट जास्त पडतं आणि आकडा खोटा लांबतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का, ५५ च्या वर असेल तर सायट्रेट कमी करून नमुना पुन्हा घ्यायला सांगा. दाट रक्ताची दुसरी बाजू अशी, की पाणी कमी पडलं की मेंदूत गुठळी होऊ शकते. आणि ज्या बाळाला पहिल्या टप्प्यात शंट, म्हणजे फुप्फुसाकडे रक्त नेणारी कृत्रिम नळी, टाकला आहे, त्याचं फुप्फुसाकडे जाणारं रक्त जेमतेम साडेतीन मिलीमीटरच्या नळीतून जातं. ती बंद पडली तर बाळ काही मिनिटांत जातं. अशा बाळाला ॲस्पिरिन चुकवायची नाही, आणि जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायचं नाही, रात्री दोन वाजता असलं तरी निघायचं. ॲस्पिरिन चालू असताना कांजिण्या किंवा फ्लू झाला तर लगेच फोन करायचा, बंद करायची की चालू ठेवायची हे स्वतः ठरवायचं नाही. तुमच्या लेकीला पॅच बसल्यावर सहसा अशी औषधं फार दिवस लागत नाहीत.

आयसीयूत तिच्या छातीतून एक-दोन नळ्या बाहेर आलेल्या दिसतील, खाली बाटलीत लाल पाणी. बघून पोटात गोळा येतो, मला ठाऊक आहे. ते रक्त आत साचू नये म्हणूनच बाहेर काढलेलं असतं आणि तासातासाला ते पातळ, फिकं होत जायला हवं. तुमच्या लेकीच्या वजनाला एका तासात ५० मिली आलं तर आम्ही धावत येतो. पण वाहणारी नळी एकदम कोरडी झाली आणि बाळाचा दाब उतरू लागला, तर मी जास्त घाबरते. गुठळीने नळी तुंबलेली असू शकते आणि रक्त हृदयाभोवती साचून त्याला दाबत असतं. म्हणून सिस्टर अधूनमधून नळी बोटांनी चोळताना, हलवताना दिसतील.

आता या दहा दिवसांत तुमच्याकडून मला काय हवं ते सांगते. तुमच्या बाळाचं रक्त नीट गोठतं की नाही हे ज्या गोष्टींतून कळतं, त्यातल्या बऱ्याच प्रयोगशाळेत नसतात, घरात घडून गेलेल्या असतात. कान टोचले तेव्हा रक्त लगेच थांबलं होतं का, की रात्रभर कापूस बदलावा लागला? लस दिल्यावर मांडीत काळीनिळी मोठी गाठ आली होती का? नाळ पडल्यावर बेंबीतून रक्त येत राहिलं का? तुमच्या भावाला, मामाला दाढ काढल्यावर टाके घालावे लागले, गुडघे सुजायचे, असं कधी ऐकलंय का? तुमची स्वतःची पाळी फार जाते का, बाळंतपणात रक्त जास्त गेलं होतं का?

हे प्रश्न मी आईला एकटीला बाजूला घेऊन विचारते, कारण मला एकदा चटका बसलाय. एका बाळाच्या आईने सासूसमोर ‘आमच्याकडे कोणाला काही नाही’ म्हटलं. भावाच्या आजाराचं लग्नात सांगितलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी तिला राहवलं नाही, जिन्यात मला गाठून तिने खरं सांगितलं. आम्ही ऑपरेशन पुढे ढकललं, तपासण्या केल्या, बाळाला हिमोफिलिया निघाला, म्हणजे रक्त गोठवणारा एक घटक जन्मापासूनच कमी असण्याचा आजार. मग रक्ततज्ज्ञांच्या मदतीने, तो घटक देऊन, तेच ऑपरेशन तीन आठवड्यांनी नीट पार पडलं. तिने त्या जिन्यात तोंड उघडलं नसतं तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करते. तुमच्या घरात असं काही असेल तर डॉक्टरांना एकटं भेटा. ते त्यांच्यापाशी राहील. काढे, गोळ्या, कोणी दिलेली पुडी, बाळाला काहीही चालू असेल तर तेही सांगा.

आणि आदल्या रात्रीचं. बाळ उपाशी ठेवायचं म्हणून काही घरांत संध्याकाळपासूनच पाजणं थांबवतात. पाणी कमी पडलेल्या बाळाच्या शिरा सापडत नाहीत, रक्त दाट होतं, भूल देताना दाब उतरतो. अंगावरचं दूध भूल देण्याच्या ४ तास आधीपर्यंत चालतं, वरचं दूध ६ तास आधीपर्यंत. सकाळी ८ ची वेळ दिली असेल तर पहाटे साडेतीनचा गजर लावा, बाळाला उठवून पोटभर पाजा, ४ च्या आत आटपा. आधीची केस लांबली आणि ११ वाजेपर्यंत बोलावणं आलं नाही, तर संकोच न करता सिस्टरना सांगा की बाळ चारपासून उपाशी आहे, सलाईन लावायचं का किंवा पाणी पाजू का, ते भूलतज्ज्ञांना विचारा.